मऊ हातांचा हिवाळा

आज सकाळी पोटरीवर सहज नख ओढलं, तर पांढरी रेघ उमटली. लहानपणी थंडी आली की आम्ही मुली मधल्या सुट्टीत हाच खेळ खेळायचो. मोजे खाली सरकवून एकमेकींच्या पायावर नखानं नावं लिहायची. थुंकीचं बोट फिरवलं की नाव पुसलं जायचं आणि पाटी पुन्हा कोरी. माझ्या पायावर कुणी फारसं लिहीत नसे. मी आपली बाकाच्या कडेला बसून, स्वतःचंच नाव इंग्रजीत लिहायची आणि स्वतःच पुसायची.

कोल्हापुरात थंडी कॅलेंडर बघून येत नाही. जेवताना रश्श्याचा तिखटपणा जिभेच्या आधी ओठांना झोंबला, की समजायचं आली. मग सकाळी रंकाळ्यावर धुकं दिसतं, उसाच्या गाड्या रस्ताभर पाचट सांडत जातात, संध्याकाळी वारा फिरला तर गुऱ्हाळाचा गोड, किंचित करपलेला वास गल्लीत येतो. दोरीवरचे टॉवेल खरखरीत होतात. स्वेटर डोक्यातून काढताना केस चटचटतात. आणि माणसं नकळत आपल्याच हाताकडे बघायला लागतात.

माझ्या कपाटात आता हातांसाठी वेगळी, टाचांसाठी वेगळी, ओठांसाठी वेगळी अशी मलमं आहेत. खरं तर त्यांची मला फारशी गरज नाही. माझे हात दिवसभर कीबोर्डवर असतात. त्यांना ना पाणी लागतं, ना ऊन. तरी दर हिवाळ्यात मी एखादी नवी बाटली आणते आणि झाकण उघडून आधी वास घेते. तो वास कुठल्या एका जुन्या डबीचा असेल असं मला वाटतं. अजून एकदाही तो नव्हता.

मी सहावीत होते त्या वर्षी, तुळशीचं लग्न झालं आणि आत्ती आमच्याकडे राहायला आली. बाबांची सगळ्यात धाकटी बहीण. हुपरीकडच्या आमच्या घरात आत्याला आत्तीच म्हणतात. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. दारातूनच ओरडली, "वैनी, आलो गं मी! आता मला काम सांगायचं न्हाय. मी पावणं हाय." आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच म्हणतात. माझ्या शाळेतल्या मुली त्याला हसायच्या, म्हणून मी घराबाहेर जपून 'आले, गेले' म्हणायची. आत्तीला असलं काही जपावं लागत नसे.

जपायचे होते ते तिचे हात.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. आमच्या घरी पैंजणं व्हायची. पुरुष तार ओढायचे आणि झाळायचे, म्हणजे ज्योतीवर धरून कड्यांचे सांधे जुळवायचे. बायका कड्या ओवायच्या, घुंगरं लावायच्या आणि शेवटी सगळा माल रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासून उजळायच्या. आत्ती हे लहानपणापासून करत होती. तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक बारीक भेगा होत्या आणि त्या भेगांत चांदीची काळी भुकटी बसलेली असायची. आंघोळ करून आली तरी वाटायचं, कुणीतरी शिसपेन्सिलीनं तिच्या हातावर रेघा मारल्यात. थंडीत त्या भेगा उकलायच्या, लाल व्हायच्या.

"तेल का लावत नाहीस गं?" मी एकदा विचारलं होतं.

"तेलाचा हात लागला की झाळ धरत न्हाय. कडी सुटती. आण्णा वरडत्यात." आण्णा म्हणजे तिचे थोरले भाऊ, माझे काका. घरातली झाळायची शेगडी फक्त अमावास्येला बंद असायची. म्हणून आत्ती अमावास्येलाच हातापायांना तेल लावायची. पळीत कोकमतेलाचा पिवळसर गोळा वितळवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं भेगांत सोडायचा. अमावास्येला तेल लावू नये असं कुणी म्हणालं, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "ते केसाला. भेगांस्नी तिथी कळत न्हाय."

त्या दिवाळीच्या आधी तिला कोल्हापुरातलं एक चांगलं स्थळ बघून गेलं होतं. मुलगी पसंत होती, पण चहाचा कप देताना हात दिसले. कामवालीसारखे आहेत, असं कुणीतरी कुणालातरी म्हणालं, आणि ते फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं. बाबांना ते फार लागलं. त्यांनी ठरवलं, पुढचं स्थळ येईपर्यंत शालन (हे आत्तीचं नाव) चांदीला हात लावणार नाही. ती कोल्हापुरात आमच्याकडे राहील आणि तिचे हात बरे होतील. आण्णांनी कुरकूर केली, सीझनला माणूस कमी पडतंय म्हणून. पण बाबा शिकलेले, नोकरीतले. त्यांचं चाललं.

केळीच्या पानात तिनं कोकमतेलाचा गोळा आणला होता. आई म्हणाली, "हे नको. पिवळं होतं, वास येतो." आईनं मेडिकलमधून एक क्रीमची डबी आणली, पांढरी, निळ्या झाकणाची. तिच्यावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. आईनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वाच आणि सांग आत्तीला." घरात मला काहीतरी मोठ्यांचं काम मिळण्याची ती पहिलीच वेळ. मी खुर्चीत ताठ बसले.

"अंग ओलसर असतानाच लावायचं," मी वाचलं.

"ओल्या अंगाला? मग पुसायचं कधी?"

"पुसायचं नाही. टिपायचं. घासायचं नाही."

"आणि काय म्हणतीया तुझी डबी?"

"फार गरम पाण्यानं आंघोळ करायची नाही."

"आता गं बया!" आत्तीनं कपाळावर हात मारला. "कडकडीत पाण्याबिगर थंडीत न्हायचं व्हय? त्या डबीवाल्याला म्हणावं, ये एकदा हुपरीला पहाटंचं!"

पण तिनं सगळं ऐकलं. बंबातलं पाणी कोमट करून घेतलं. साबण सोडून डाळीचं पीठ लावलं. आईनं सांगितलं म्हणून दुपारी दुधावरची साय, संध्याकाळी ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. एकदा कुणीतरी त्यात लिंबू पिळायला सांगितलं, तेव्हा आत्ती भेगांच्या आगीनं अंगणात नाचली आणि नाचता नाचता हसली. झोपायच्या आधी हातांना जाड क्रीम लावून वर माझे शाळेचे पांढरे मोजे चढवायचे, हा माझा शोध. मोज्यांत हात घालून ती अंथरुणावर बसायची आणि दोन्ही हात उंचावून बाहुल्यांसारखे बोलायला लावायची. एक हात सासूबाई, एक हात सूनबाई. "काय गं, भाकरी येती का?" "येती की. पण मोजं घालून येत न्हाय!" मी उशीत तोंड खुपसून हसायची. शाळेत मी कधी एवढी हसले असेन असं मला आठवत नाही.

दिवसा मात्र तिचं हसू कमी व्हायचं. आई तिला भांडी घासू द्यायची नाही, धुणं धुऊ द्यायची नाही. ती खिडकीत बसायची आणि तिची बोटं बसायची नाहीत. पदराच्या दशा वळायची, शेंगांची टरफलं एकावर एक रचायची. एकदा आईच्या डब्यातल्या सेफ्टी पिना तिच्या हाती लागल्या. एकीत एक अडकवत, मध्ये मध्ये माझ्या फ्रॉकचे तुटके मणी घालत तिनं पैंजणाच्या नक्षीची एक लांब माळ केली. अशी की पिना आहेत हे जवळ गेल्यावरच कळावं. आईनं ती बैठकीच्या खोलीत आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवली. वारा आला की ती हळूच वाजायची.

मार्गशीर्ष सरत आला तोवर हात खरंच बदलले. आधी काळ्या रेघा फिकट झाल्या. मग जुनी कातडी पापुद्र्यांनी निघाली आणि खालून गुलाबी, नवी, लहान मुलासारखी त्वचा आली. आई दर दोन दिवसांनी तिचे हात उजेडात धरून बघायची आणि खूश व्हायची. आत्तीही बघायची, पण दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तशी. एकदा स्टीलचा चहाचा पेला तिनं नेहमीसारखा नुसत्या हातानं उचलला आणि "हाय हाय" करत खाली ठेवला. पूर्वी ती निखारा चिमटीत धरून बाजूला करायची. बोटं फुंकत ती म्हणाली, "उघडं पडल्यागत वाटतंय गं. समदंच लागतंय हाताला."

आणि मग गडहिंग्लजचं स्थळ आलं. बघायला मुलगा, त्याचे वडील आणि आई असे तिघं सकाळच्या एसटीनं आले. उसाची शेती, गोठ्यात म्हशी, डेअरीला दूध घालणारं घर. "या पावणं, बसा," म्हणत बाबांनी खुर्च्या पुढे केल्या. मुलाच्या आईच्या कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे होते, अंगावर जाड इरकल. आमच्याशी ती मराठीत बोलायची आणि नवऱ्याशी कन्नडमध्ये. मी दाराच्या कडेला उभी राहून सगळं बघत होते. बुजऱ्या मुलांना एवढं एक चांगलं असतं, त्यांच्याकडे कुणी बघत नाही म्हणून त्यांना सगळं बघता येतं.

मुलगा फार बोलत नव्हता. त्याची नजर खिळ्यावरच्या माळेवर गेली. तो उठून जवळ गेला, बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "हे कुणी केलंय? लई नाजूक काम हाय की."

बाबांनी चटकन आईकडे बघितलं. चांदीच्या कामाचं नाव त्या दिवशी काढायचं नाही असं बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मग आई घाईनं म्हणाली, "आमच्या मुलीनं. इंग्लिश मीडियममध्ये शिकवतात ना असलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकले. आत्ती मान खाली घालून बसली होती, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मुलानं माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा माळेकडे, मग एकदाच आत्तीकडे.

निघताना मुलाच्या आईनं आत्तीच्या हातावर सुपारी ठेवली, आणि ठेवल्यावर हात सोडला नाही. आपल्या दोन्ही हातांत तिचा पंजा घेऊन अंगठ्यानं तळव्यावरून फिरवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "कै भाळ मेत्तग अदाव." बाबांना कन्नड कळतं. पाहुणे एसटी स्टँडकडे गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले, आणि एवढे खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. "हात फार मऊ आहेत म्हणाल्या!" आईनं देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, हे सगळं त्या डबीमुळे झालं, आणि डबी मी वाचली होती.

त्या दिवशी संध्याकाळी मोजे घालताना आत्तीनं मला विचारलं, "तुला कसा वाटला?" असलं काही मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "चांगला आहे. कमी बोलतो."

"नजर हाय त्याला," आत्ती म्हणाली. "माळ बघितली न्हवं. म्हशीबी हायत, वैरण-पाणी हाय. मला रिकामं ठेवणार न्हाईत ती माणसं." मग मोजेवाला हात माझ्या नाकावर आपटून म्हणाली, "तू येशील का गं गडहिंग्लजला? तिथं 'येतो, जातो' म्हणाय लागंल हां, मडम." मी हो म्हणाले. ती किती वेळ मोज्यातले हात मांडीवर ठेवून, हसऱ्या चेहऱ्यानं बसून होती. तिला ते घर हवं होतं, हे माझ्यासारख्या पोरीलाही कळत होतं.

निरोप आला तो भोगीच्या दिवशी. आई बाजरीच्या भाकऱ्यांवर तीळ थापत होती, आत्ती लोणी काढत होती. थंडीत अंगाला आतून तेल मिळावं म्हणून हे सगळं खायचं, असं आई मला सांगत होती तेवढ्यात फोन वाजला. मध्यस्थ बोलत होता. बाबा "हं... हं..." म्हणत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "अहो, असं कसं? हुपरीचं घर आमचं. लहानपणापासून चांदीत काम करते ती. ओढेल की म्हशींचं!" पलीकडून काहीतरी बोलणं झालं. बाबा एकदम हळू झाले. "नाही, लपवलं असं नाही..." म्हणाले. आणि फोन ठेवला.

पोरगी नाजूक आहे, असं गडहिंग्लजवाल्यांचं म्हणणं होतं. मऊ हाताची, कामाची सवय नसलेली. आमच्या घरात निभायची नाही, आणि तिचे हाल व्हायला नकोत. बाबांनी खरं सांगितल्यावर मध्यस्थ म्हणाला होता, मग त्या दिवशी का बोलला नाहीत? आता सांगताय म्हणजे गरजेपोटी सांगताय, असंच वाटणार त्यांना.

आत्ती लोण्याचा हात तसाच धरून उभी होती. मग हसली. "एकदा काळं म्हणून, एकदा गोरं म्हणून. आता काय हिरवं करून दावू?" तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, ताट माझ्यापुढे सरकवलं. "खा. ऊन ऊन हाय तवर."

संक्रांत झाली आणि ती हुपरीला गेली. जायच्या आधी माझे मोजे तिनं स्वतः धुतले, आईला न विचारता. क्रीमचा तेलकटपणा निघेना म्हणून रिठ्याच्या पाण्यात घासले. मोजे नव्यासारखे पांढरे झाले आणि तिच्या बोटांची नवी कातडी लाल. खिळ्यावरची माळ इथंच राहिली. घरात पिना सारख्या लागतातच. आई घाईत असली की माळेतली एखादी सोडवून घ्यायची. उन्हाळ्यापर्यंत खिळ्यावर एकच पिन उरली, आणि तिच्यात माझ्या फ्रॉकचा एक मणी.

पुढे दोन-तीन स्थळं आली. मग आली नाहीत. आण्णांचं वय झालं, मशीनवरचा माल वाढला, हातानं ओवणाऱ्या बायका कमी झाल्या. आत्ती करतेच आहे अजून. मी कॉलेज केलं, नोकरीला लागले. दर हिवाळ्यात तिच्यासाठी काहीतरी चांगलंसं मलम घेऊन जाते. ती लेबलावरून बोट फिरवते, "काय म्हणतीया तुझी डबी?" असं विचारते आणि ती देवळीत आधीच्या डब्यांशेजारी ठेवते. एकीचंही सील फुटलेलं नाही.

परवा अमावास्येला गेले होते. हुपरीच्या एसटीत शेजारी एक बाई बसली होती, तिच्या टाचांच्या भेगांत माती होती, आणि मी पूर्ण वाटभर त्या टाचांकडे बघत होते. घरात शेगडी बंद होती. आत्ती उन्हात पाय पसरून बसली होती. मी स्टोव्ह पेटवून पळीत कोकमतेलाचा तुकडा टाकला आणि तिच्यापुढे बसले. तिचे हात माझ्या मांडीवर घेतले. काळ्या रेघा होत्या तशा, उलट जास्तच खोल.

इतक्या वर्षांत गडहिंग्लजचं नाव आमच्यात निघालं नव्हतं. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. मी म्हणाले, "आत्ती, गडहिंग्लजच्या त्या बाईंनी त्या दिवशी तुझा हात धरला होता, आठवतं?"

"न आठवाय काय झालं?" ती उन्हाकडे डोळे बारीक करून बघत होती. "तिचं हात माझ्यागतच हुतं. म्हशीचं काम, शेणातलं काम. थंडीत उकललेलं. अंगठा फिरवला न्हवं तिनं, तवा खरखर लागली. माझ्या नव्या कातडीला तर लईच लागली. मला वाटलं, हे आपलंच घर हाय." ती थांबली. "पर तिला माझ्यात काय लागणार? काय ठेवलंच न्हवतं हाताला."

पळीतलं तेल वितळून पारदर्शक झालं होतं, कडेला बारीक बुडबुडे येत होते. मी कापसाचा बोळा बुडवला आणि तिच्या अंगठ्याशेजारच्या भेगेवर धरला. तेल हळूहळू आत उतरलं.

"फार तापलंय का गं?" मी विचारलं.

आत्तीनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "मला न्हाय कळत आता. तू लावून बघ."

मी एक थेंब माझ्या तळहातावर सोडला. मला चांगलंच भाजलं.